दाट रंग, जाड भिंती : पाटोद्याच्या माळवदापासून बिदरच्या रंगीन महालापर्यंत

घराच्या आतल्या भिंतींना कोळशी, गडद निळा, शेवाळी, जांभूळ किंवा जळक्या विटेसारखा रंग देण्याची पद्धत अलीकडच्या वर्षांत मुंबई-पुण्याच्या सदनिकांमधून जिल्ह्याच्या गावी आणि तिथून तालुक्याच्या गावांत उतरली आहे. बैठकीच्या खोलीतली एखादी भिंत, पलंगामागची भिंत, क्वचित छतासकट सगळी खोलीच अशा रंगात रंगवली जाते. ती रंगवून घेणाऱ्यांच्या मनात बहुधा अशी समजूत असते की, हा प्रकार परदेशातून आला आणि आपल्याकडच्या घरांना तो नवा आहे. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यापुरते पाहिले तर ही समजूत बरोबर ठरत नाही, कारण या भागातल्या जुन्या घराचा अंतर्भाग गडदच होता, आणि तो पिढ्यानपिढ्या तसा होता. फरक एवढाच, पण फार मोठा, की तिथला काळोख भिंतीला लावलेला नव्हता, तो बांधलेला होता. भिंतीची जाडी, दाराची उंची, छतातल्या झरोक्याची जागा आणि खोलीत ठेवलेल्या वस्तूंची चकाकी या चौघांनी मिळून तो घडवला होता. आजच्या गडद रंगाचे यशापयश समजून घ्यायचे असेल तर रंगाच्या डब्याआधी त्या बांधणीकडे वळावे लागते.

पाटोदा बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधली ही डोंगररांग काळ्या बेसाल्टची, म्हणजे ज्वालामुखीच्या थंड झालेल्या लाव्ह्यापासून बनलेल्या दगडाची आहे. तालुक्यातल्या सौताड्याला विंचरणा नदी जिथे दरीत कोसळते तिथे या दगडाचे थर उघडे पडलेले दिसतात. मांजरा नदीचा उगमही याच तालुक्यात, गवळवाडीजवळ आहे. पाऊस बेताचा, उन्हाळा कडक, मोठे लाकूड जवळपास दुर्मीळ, दगड मात्र हवा तेवढा, आणि गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेवर पांढरी माती. राख, शेण, गाळ आणि पडक्या घरांची माती शतकानुशतके मिसळून झालेली ही माती भुरकट असते, दाबली की घट्ट बसते आणि पाणी सहसा आत सोडत नाही. एवढ्या सामग्रीतून जे घर उभे राहिले त्याला मराठवाड्यात माळवद म्हणतात. माळवद हा शब्द मुळात छताचा, आणि त्याच्यावरून सगळ्या घराचा. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीने बसवलेल्या लाकडी पट्ट्या किंवा फांट्या, त्यांवर पाला आणि सर्वांत वर फूट-दीड फूट जाडीची पांढरी माती असे हे सपाट छत असते. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर केवढे आहे हे खणांच्या संख्येवरून सांगितले जाते. खांबांच्या भोवती दगडमातीची भिंत येते, जी साध्या घरातही दोन फुटांहून जाड आणि देशमुख-पाटलांच्या वाड्यात किंवा गढीत त्याहून कितीतरी अधिक जाड असते.

अशा घरात शिरणारा माणूस उजेडातून काळोखात एकदम जात नाही. त्याला पायऱ्या आहेत. मोठ्या घराला प्रथम दरवाजाच्या आतली ढाळज लागते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने टेकावे असा दोन्ही बाजूंचा उंच ओटा. ढाळजेत ऊन येत नाही, पण उजेड भरपूर येतो. त्यानंतर उघडा चौक, चौकाभोवती सोपा, म्हणजे एका बाजूने मोकळा असलेला पडवीसारखा भाग, जिथे उजेड कमरेपर्यंत येतो आणि छताकडे विरत जातो. सोप्यातून आतल्या घरात जायला बुटके दार, ज्यातून वाकूनच जावे लागते. आत खिडकी नसते किंवा असलीच तर हातभर झरोका. माळवदातच एक भोक ठेवलेले असते, ज्याला साने म्हणतात आणि ज्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरतो, दिवसभर जमिनीवरून सरकतो आणि पावसाळ्यात झाकला जातो. आतल्या घराच्याही आत धान्याची अंधारी खोली असते. भिंतीच्या पोटात बळद, म्हणजे वरून धान्य ओतायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे असे कोठार बांधलेले असते. घराचा सर्वांत काळोखी भाग ज्वारीसाठी, तुपासाठी, दागिन्यांसाठी आणि बाळंतिणीसाठी राखलेला असे. उजेडाची ही उतरंड घराच्या सामाजिक रचनेशीही जुळलेली होती. परका माणूस ढाळजेपर्यंत, नातलग सोप्यापर्यंत आणि घरच्या बायका आत, असा तिचा क्रम होता. म्हणजे काळोख जितका दाट तितका बाईचा वावर अधिक. जुन्या घरांच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट सहसा ओझरती सांगितली आहे, आणि ती ओझरती सांगण्यासारखी नाही.

आतल्या पृष्ठभागांचे रंगही काळजीपूर्वक पाहण्यासारखे आहेत. भुई शेणाने सारवलेली, म्हणजे हिरवट तपकिरी. भिंती नवरात्राच्या आधी पोतारल्या जात, म्हणजे पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पातळ काला कापडाच्या बोळ्याने त्यांवर फिरवला जाई. खालचा हातभर पट्टा गेरूने, म्हणजे लोहयुक्त लाल मातीने रंगवला जाई, कारण तिथे पाठी टेकत, लेकरांचे हात लागत आणि सारवणाचे शिंतोडे उडत. खांब आणि तुळया वर्षानुवर्षांच्या तेलापाण्याने काळ्याशार झालेल्या असत. छताचा खालचा भाग चुलीच्या धुराने इतका काळवंडलेला असे की त्याची उंची नेमकी किती, हे दिव्याच्या उजेडात कळत नसे. थोडक्यात, भिंतीचा मधला भाग फिका आणि त्याच्या वरचा व खालचा भाग गडद, असा तो त्रिस्तरीय अंतर्भाग होता. सान्यातून आलेला उजेड त्या मधल्या फिक्या पट्ट्यावर आपटून खोलीभर पसरत असे, तर काळ्या छतामुळे डोळ्यांवर चकाकी येत नसे. ही योजना कुणी कागदावर आखली नसेल. परंतु पिढ्यानपिढ्या एकाच जागी राहून, काय सोयीचे पडते ते पाहत पाहत ती ठरली आहे आणि म्हणूनच ती आजच्या सजावटकारानेही अभ्यासावी अशी आहे.

वैशाखातल्या दुपारी पठारावरचे ऊन सहन होईनासे झाले की माणसे या काळोख्या खोलीत येऊन आडवी होत. तिथला गारवा दोन निराळ्या कारणांनी तयार होतो आणि ती दोन्ही कारणे वेगळी ठेवणे या विषयात सर्वांत महत्त्वाचे आहे. पहिले कारण भिंतीच्या वजनाचे. दगडमातीची जाड भिंत उष्णता हळूहळू शोषते आणि हळूहळूच सोडते, त्यामुळे बाहेरच्या बाजूला दुपारी लागलेली झळ आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर बाहेरची हवा थंड पडलेली असते. या उशिराला इमारतशास्त्रात औष्णिक विलंब म्हणतात. दुसरे कारण डोळ्यांचे. लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्याला मंद खोलीत विसावा मिळतो आणि तो विसावा शरीराला गारव्यासारखा भासतो, जरी तापमापीत त्याची नोंद होत नसली तरी. डोळ्याला मंद उजेडाची सवय व्हायला वेळही लागतो. नेत्रपटलातल्या शंकुपेशी, ज्या रंग ओळखतात, त्या काही मिनिटांत जुळवून घेतात. परंतु दंडपेशी, ज्या अंधुक प्रकाशात पाहतात, त्यांची पूर्ण तयारी व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास जातो. ढाळज, चौक, सोपा, बुटके दार ही उतरंड या जुळवणीला वेळ देते. आजच्या सदनिकेत दार उघडताच समोर कोळशी भिंत येते तेव्हा डोळ्याला असा अवधी मिळत नाही आणि खोली प्रथमदर्शनी उदास वाटते. दोष रंगाचा नसून वाटेच्या अभावाचा असतो.

येथपर्यंतचे वर्णन वाचून जुन्या काळोखाविषयी ओढ वाटणे साहजिक आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. छताला आलेला तो मखमली काळा रंग लाकूड आणि गोवऱ्या जाळून आला होता, आणि तो धूर छताला लागण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून आणि छातीतून गेला होता. चुलीच्या धुराचा दमा, फुप्फुसाचे दीर्घ विकार आणि मोतीबिंदू यांच्याशी असलेला संबंध वैद्यकशास्त्राने पुरेसा दाखवून दिला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली ती याच धुराला पर्याय म्हणून, तरीही सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल आणि गॅस दोन्ही चालू असलेली घरे खेड्यांत आहेतच. शिवाय माळवद हे ज्याच्याकडे जमीन होती त्याचे घर. गावकुसाबाहेरच्या वस्तीत, भूमिहीनांच्या वाट्याला आलेल्या कुडाच्या आणि पाचटाच्या झोपडीतही काळोख होता. पण तिथे जाड भिंतीचा गारवा नव्हता, चौक नव्हता, बळद भरण्याइतके धान्य नव्हते. तो काळोख केवळ दारिद्र्याचा होता. ज्यांच्या आजी-पणजीने तो भोगला त्यांनी स्लॅबचे घर झाल्यावर पहिल्यांदा पांढरी ट्यूबलाइट आणि चकचकीत गुलाबी किंवा पोपटी भिंत निवडली, तर त्या निवडीला अभिरुचीचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे. उजेड ही त्यांच्यासाठी मिळवलेली वस्तू आहे.

उजेड आणि आरोग्य यांची सांगड सरकारी पातळीवर आणखी जुनी आहे. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ पसरली तेव्हा घरे रिकामी करून आतून चुन्याने रंगवणे आणि काळोख्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरे उघडी करणे हे सक्तीच्या उपायांत मोडत होते. त्या सक्तीचा राजकीय इतिहास सर्वज्ञात आहे; परंतु त्याचा एक शांत परिणाम असा झाला की पांढरी भिंत म्हणजे निरोगी भिंत हे समीकरण महाराष्ट्राच्या मनात पक्के बसले. युरोपातही विसाव्या शतकाच्या प्रारंभी आधुनिक वास्तुकलेने तेच समीकरण पुढे नेले. ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराने १९२५ साली प्रत्येक नागरिकाने घरातली सजावट काढून भिंतींना पांढरा रंग द्यावा असा आग्रहच धरला. आज गडद भिंतींकडे जे वळणे दिसते ते या शंभर वर्षांच्या पांढऱ्यानंतरचे आहे.

माळवदाला मराठवाड्याच्या मनातून ज्या घटनेने हद्दपार केले ती घटना मात्र रंगाशी नव्हे, वजनाशी संबंधित होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत मध्यम होती. बळींची संख्या एवढी वाढली ती मातीच्या सांध्यातल्या गोल दगडांच्या भिंती बाहेरच्या बाजूला फुगून फुटल्या आणि टनावारी मातीचे माळवद झोपलेल्या माणसांवर आले म्हणून. जाड भिंतीचे दोन थर असतात, आतला आणि बाहेरचा, आणि त्यांना जोडणारे आरपार दगड नसतील तर धक्क्याने ते सुटे होतात. जाणकार गवंडी असे दगड घालत, पण सगळीच घरे जाणकारांनी बांधलेली नव्हती. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. पाटोदा या पट्ट्यापासून दूर असले तरी भीतीला जिल्ह्याची सीमा नसते. त्यानंतरच्या काळात मराठवाडाभर ज्याला जमेल त्याने माळवद उतरवून पत्रे घातले किंवा सिमेंटचा स्लॅब टाकला. पुढे लाकूड महागले, दरवर्षी माळवदावर माती ओढणारे हात कमी झाले आणि गळती सुरू झालेली घरे पडू लागली. माळवदांच्या सारख्या उंचीमुळे दिसणारे गावाचे सपाट चित्र एका पिढीत बदलले.

पाटोदा तालुक्यात या बदलाला ऊसतोडीची एक खास जोड आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या तालुक्यांतून हे स्थलांतर मोठ्या प्रमाणावर होते त्यांत पाटोदा येतो. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, लग्न, आजारपण आणि घर या तीन गोष्टींत जाते. त्यामुळे अशा कुटुंबाचे घर एका दमात होत नाही. एका वर्षी पाया आणि भिंती, दुसऱ्या वर्षी स्लॅब, मग कधीतरी गिलावा, आणि रंग सर्वांत शेवटी, बहुधा घरात लग्न निघाल्यावर लागतो. सहा महिने उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचट आणि ताडपत्रीच्या झोपडीत काढणाऱ्या माणसाला गावाकडच्या पक्क्या घरात काय हवे असते, हे रंगविषयक लेखनात कुठेच येत नाही. बंद घराला धूळ बसते, ओल राहते, उंदीर लागतो. अशा घराला गडद मॅट रंग दिला तर परत आल्यावर पहिला आठवडा भिंत पुसण्यातच जाईल. तिथे धुता येणारा फिका रंगच योग्य, आणि हे सांगण्यात काही कमीपणा नाही.

ज्यांचे घर बारमाही राहते आहे, मग ते शिक्षकाचे असो, दुकानदाराचे असो वा बागायतदाराचे, त्यांच्यासाठी मात्र गडद रंगाचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर काही साध्या हिशेबांवर अवलंबून आहे. रंगाच्या प्रत्येक छटेला परावर्तनाचे एक प्रमाण असते, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती ती परत फेकते. ताजा चुना ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत देतो, कोळशी किंवा गडद निळा रंग दहा टक्क्यांहून कमी. परत आलेला उजेड पुन्हा समोरच्या भिंतीवर आपटतो आणि पुन्हा परततो, त्यामुळे हा फरक आठपट राहत नाही, वाढत जातो आणि साठत जातो. खोलीचे सगळेच पृष्ठभाग ऐंशी टक्के परत देणारे असतील तर एकूण उजेड सैद्धांतिक हिशेबाने मुळातल्या पाचपट होतो. सगळेच दहा टक्क्यांचे असतील तर तो जेमतेम नवव्या हिश्शाने वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की गडद खोलीत एका दिव्याने सगळी खोली उजळण्याची अपेक्षाच सोडून द्यावी लागते. तिथे उजेड जागोजागी ठेवावा लागतो. वाचायच्या जागेवर एक, देवघरात एक, भांड्यांच्या फडताळावर एक असे दिवे लागतात, आणि मधल्या जागा अंधारात राहू द्याव्या लागतात. जुन्या घरात देवळ्या, म्हणजे भिंतीतले छोटे कोनाडे, नेमके हेच काम करत होते. छताच्या मधोमध एकच पांढरी-निळसर नळी लावून कोळशी भिंत उजळवण्याचा प्रयत्न केला, की भिंत मळकट दिसते, माणसांचे चेहरे फिके पडतात आणि घरमालक रंगाला दोष देतो.

दुसरा गैरसमज उष्णतेचा आहे. गडद रंगाने घर तापते हे बाहेरच्या भिंतीबाबत आणि गच्चीबाबत पूर्ण खरे आहे; बालाघाटच्या उन्हात गडद रंगाची बाहेरची भिंत आणि उघडा स्लॅब हे घराचे नुकसानच करतात आणि गच्चीवर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा थर देणे हा स्वस्तातला मोठा उपाय आहे. आतली भिंत मात्र उन्हाला सामोरी नसते, त्यामुळे तिचा रंग खोलीच्या तापमानात दखल घेण्याजोगा फरक करत नाही, खिडकीतून थेट ऊन येत असेल तेवढा अपवाद. येथेच माळवद आणि आजचे घर यांतला मूळ भेद उघडा पडतो. चार किंवा नऊ इंची विटेची भिंत आणि पाच इंची स्लॅब यांच्या खोलीला काळा रंग दिला तर डोळ्याला जुन्या खोलीचा विसावा मिळतो, शरीराला मात्र तिचा गारवा मिळत नाही. आणि मे महिन्यात काळोखी पण तापलेली खोली ही उजळ तापलेल्या खोलीपेक्षा अधिक कोंदट वाटते. म्हणून पाटोद्यासारख्या ठिकाणी गडद खोलीचा विचार गच्चीच्या पांढऱ्या थरापासून, खिडकीवरच्या छज्ज्यापासून आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली देणाऱ्या लिंबाच्या झाडापासून सुरू व्हायला हवा. रंगाचा क्रमांक त्यानंतरचा.

कारागिरीच्या अडचणीही आहेत. फिक्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे द्रव्य भरपूर असते आणि तेच खालचे डाग झाकते; गडद छटा मशीनमध्ये बनवताना हे द्रव्य कमी असलेला डबा घेतात आणि त्यात रंगद्रव्य वाढवतात, त्यामुळे झाकण्याची शक्ती घटते आणि नेहमीच्या दोन हातांऐवजी तीन, लाल छटेत कधी चार हात मारावे लागतात. खालचा प्रायमरच करड्या छटेचा घेतला तर एक हात वाचतो. गिलाव्याला किंवा विटेला क्षारयुक्त पाणी वापरलेले असेल, आणि बोअरवर अवलंबून असलेल्या या भागात ते बऱ्याचदा तसे असते, तर ओल आली की क्षार पृष्ठभागावर फुलतात. फिक्या भिंतीवर ते लपतात, गडद भिंतीवर पांढऱ्या नकाशासारखे उठून दिसतात. नवा गिलावा पुरता वाळू न देता रंगवला तर हेच होते. मॅट, म्हणजे चकाकी नसलेला रंग गडद छटेत सर्वांत सुंदर दिसतो, कारण पोतारलेल्या भिंतीसारखा तोही चकाकत नाही. पण त्याच्यावर नख ओढले तरी पांढरा ओरखडा उमटतो. लेकरांच्या घरात म्हणूनच भिंतीचा खालचा हातभर पट्टा पुसता येईल अशा किंचित चकाकीच्या रंगाचा ठेवणे शहाणपणाचे. गेरूचा पट्टा ज्या कारणासाठी होता तेच हे कारण.

छटा निवडताना संध्याकाळचा विचार करणे फार आवश्यक आहे. मंद उजेडात डोळा शंकुपेशींकडून दंडपेशींकडे वळतो तेव्हा लाल रंग झपाट्याने काळवंडतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ राहतो. एकोणिसाव्या शतकातल्या यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने हे प्रथम नोंदवले म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. दुपारी दुकानात उबदार वाटलेली डाळिंबी छटा दिवेलागणीला काळी होते, तर शेवाळी किंवा मोरपिशी भिंत तेव्हाच खुलते. याचा उलटा उपयोगही होतो. दिव्याचा उजेड पिवळसर असेल तर तो लालाला पुन्हा जिवंत करतो, म्हणून समईच्या किंवा पिवळ्या बल्बच्या उजेडात राहणाऱ्या देवघराला गेरूचा गडद लाल शोभतो आणि पांढऱ्या दिव्याच्या खोलीला तो शोभत नाही.

या सगळ्या हिशेबापलीकडे गडद अंतर्भागाचा खरा हेतू एकच असतो, चमकणारी वस्तू दिसावी हा. काळोख हा त्या वस्तूचा पाट असतो. मराठवाड्याच्या आतल्या घरात फळीवरची तांब्या-पितळेची भांडी, काठपदर, दिव्याची ज्योत आणि चांदीचे करंडे हे सान्याच्या एका झोतात जसे दिसत तसे ते पांढऱ्या ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांनी १९३३ साली सावलीच्या सौंदर्यावर लिहिलेल्या निबंधात सोन्याच्या आणि लाखेच्या कामाविषयी हेच निरीक्षण मांडले आहे. लंडनमध्ये १८७६-७७ साली जेम्स व्हिसलर या चित्रकाराने निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी केलेली जेवणाची खोली गडद निळसर हिरव्या रंगाची आणि सोनेरी मोरांची आहे; आज ती वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात उभी आहे.

पण यासाठी लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातून निघून लातूर जिल्ह्यातून वाहत पुढे बिदरकडे जाते, आणि त्या बिदरच्या किल्ल्यात भारतातल्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या गडद अंतर्भागांपैकी एक आहे. सोळाव्या शतकात, १५४२ ते १५८० या काळात राज्य करणाऱ्या अली बरीद शाहाच्या वेळी घडवलेल्या रंगीन महालात काळ्याभोर दगडात शिंपल्याचे, म्हणजे मोत्याच्या शिंपीच्या आतल्या चकचकीत थराचे तुकडे बसवलेले आहेत, सोबत रंगीत फरशांचे काम आहे आणि कोरीव लाकडी खांब आहेत. दगड तोच, सौताड्याच्या कड्याच्या जातीचा. पण घासून आरशासारखा केलेला. शिंपल्याची चकाकी पांढऱ्या भिंतीवर विझून गेली असती. काळ्या दगडात ती बघणारा हलला की हलते, फिकट गुलाबीवरून हिरवट होते. खोली लहान आहे, उघडी जागा बेताची आहे, आणि तेच तिचे सामर्थ्य आहे. या महालाच्या शहरानेच बिदरी कामाची कला जपली आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा आणि मग किल्ल्यातल्या जुन्या जागची माती व नवसागर यांच्या लेपाने ते तापवायचे, की मिश्रधातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. रंगीन महाल आणि बिदरी सुरई यांच्यामागे एकच विचार आहे, आधी काळे करायचे आणि मग त्यात किती थोडे चमकवायचे ते ठरवायचे. हे थोडेपण गडद सजावटीचा गाभा आहे, आणि आज बाजारात मिळणाऱ्या सोनेरी पट्ट्या, चकाकणाऱ्या फरशा व छतभर दिव्यांच्या माळा यांनी नेमके तेच बिघडते. अजिंठ्याची लेणी घेतली तरी तेच दिसते. पाचव्या शतकातल्या त्या भिंतींवर दिव्याची काजळी, गेरू आणि मोजक्या जागी दूरदेशीच्या लाजवर्दी दगडाची निळाई आहे, आणि ती चित्रे ज्या मंद उजेडात उजळतात त्याच्यासाठीच ती रंगवलेली आहेत असे कुणालाही मान्य करावे लागते.

म्हणून पाटोद्यातल्या किंवा त्यासारख्या कुठल्याही गावातल्या घराने गडद रंग घ्यायचा झाला तर तो सगळ्या घराला घेऊ नये, उतरंड लक्षात ठेवून घ्यावा. व्हरांडा आणि बैठक उजळ, मधली वाट किंचित मंद, आणि शेवटची निजायची किंवा दुपारी आडवे होण्याची खोली गडद असावी. अभ्यासाच्या टेबलासमोरची भिंत आणि स्वयंपाकघर मात्र उजळच हवे. तिथला काळोख बायकांनी आणि लेकरांनी पुरेसा भोगला आहे. छत गडद आणि भिंतीचा मधला भाग फिका ठेवण्याची माळवदाची रीत स्लॅबच्या खोलीतही चालते, कारण दहा फुटी छत गडद झाले की ते नजरेच्या बाहेर जाते आणि उजेडाचे काम भिंत करते. दोन फुटी भिंत पुन्हा बांधता येणार नाही, पण खिडकीला आतून खोल चौकट केली, भिंतीत एक-दोन कोनाडे सोडले आणि फडताळ भिंतीतच बसवले, तर जाडीचा काहीसा आभास मिळतो. भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन हात मारून तो तुकडा सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहणे हे कुठल्याही शेडकार्डापेक्षा खात्रीचे.

तालुक्यातली उरलीसुरली माळवदे यादरम्यान उतरत आहेत. त्यांचे सागवानी खांब, कोरीव चौकटी आणि तुळया जुन्या लाकडाचे व्यापारी विकत घेतात आणि ते लाकूड शहराजवळच्या फार्महाउसांत आणि हॉटेलांत जाऊन बसते, तिथे त्याच्यामागे हौसेने गडद भिंत रंगवली जाते. लाकूड विकण्याचा घरमालकाचा हक्क निर्विवाद आहे आणि गळके घर कुणी कुणासाठी जपून ठेवावे असे म्हणता येणार नाही. परंतु घर उतरवण्याआधी त्याची मोजमापे घेणे अशक्य नाही. भिंतीची जाडी, खणांची लांबी, दाराची उंची, सान्याचे भोक कितीचे आणि ते कोणत्या बाजूला, दुपारी दोन वाजता आत आणि बाहेर तापमान किती, भिंतीचा फिका पट्टा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, या नोंदी जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या वास्तुकला व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात करता येतील, आणि त्या उन्हाळ्यातच व्हायला हव्यात, कारण अशी मोजणी मे महिन्यातच उपयोगाची.